पत्रा वाजवायचा की नाही : मूकपट-संगीताच्या प्रकल्प नोंदी

११ ऑगस्ट २०२४

साउंडवाल्याला जून ते गणपती हे उपासाचे दिवस. स्पीकर प्लास्टिकात गुंडाळून माळ्यावर, जनरेटर पडवीत पोत्याखाली आणि मालक पेटी उघडून सूर पुसत बसलेला. खाऱ्या हवेने पितळेचे सूर दर पावसाळ्यात हिरवट पडतात. पुसता पुसता खुळं सुचतात.

यंदाचं खूळ असं : माघी गणपतीच्या उत्सवात एका रात्री वाडीच्या देवळासमोर मूकपट दाखवायचे आणि संगीत आपण वाजवायचं. पडद्याशेजारी बसून, तिथल्या तिथे. चालीही आपल्याच, नव्या. रेकॉर्ड लावायची नाही. रेकॉर्ड तर मी वर्षभर लावतोच.

माणसं चार. पेटीवर मी. व्हायोलिनवर ताई, दापोलीत शाळेत संगीत शिकवते. मृदंगावर बुवा, आमच्या नमन मंडळात (नमन म्हणजे आमच्या कोकणातलं लोकनाट्य) चाळीस वर्षं तेच वाजवतायत, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय या वाडीत ताल धरता येत नाही. झांज, घुंगरू आणि हाताला लागेल ते वाजवायला माझा पुतण्या.

चित्रपट दोन : फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) आणि अमेरिकी विनोदवीर बस्टर कीटनचा ‘वन वीक’ (१९२०). पहिला घेण्याचं कारण सरळ आहे, गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. नमनात गवळण असते, पेंद्या असतो, मावशी असते. कृष्णाच्या खोड्या इथल्या शेंबड्या पोराला पाठ आहेत. शिवाय ‘राजा हरिश्चंद्र’चे (१९१३) आता तुकडेच बघायला मिळतात, हा मात्र बऱ्यापैकी सलग उरलाय. दुसरा का घेतला ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्यात एक घर वाऱ्याने गरगर फिरतं.

१८ ऑगस्ट

लावणी उरकली, म्हणून बुवा मोकळे. टीव्हीला लॅपटॉप जोडून ‘कालिया मर्दन’ पाहिला. गोकुळात सगळे धावत होते. यशोदा धावते, गवळणी धावतात, म्हातारेसुद्धा धावतात.

बुवा पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, “ही मानसं हायत का कोंबड्या?”

दोष फाळक्यांचा नाही. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचा. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी (फ्रेम), सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी. बोलपट आल्यावर सेकंदाला चोवीस ठरल्या, कारण माणूस थोडा भरभर चालला तर खपतं, पण त्याचा आवाज चढला-उतरला तर लगेच कळतं. आता सोळाने घेतलेलं चोविसाने दाखवलं की सगळं दीडपट वेगाने पळणार. कागदावर हिशेब मांडला. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी, हजार फुटांच्या रिळात १६,०००. सोळाच्या वेगाने ते रीळ १६ मिनिटं ४० सेकंद चालेल, चोविसाच्या वेगाने ११ मिनिटं ७ सेकंद. म्हणजे दर रिळामागे साडेपाच मिनिटं गायब. मूकपट म्हटला की लोकांना तुरुतुरु पळणारी माणसं आठवतात, त्यामागे बरंचसं हेच आहे.

मग वेग कमी करून पाहिला. सोळावर यशोदा गुडघाभर पाण्यातून चालल्यासारखी वाटायला लागली. कॅमेरा फिरवणाऱ्याचा हात काही घड्याळ नसतो, तोही कुठे जलद कुठे संथ. अठरावर आल्यावर बुवांनी मांडीवर ठेका धरला आणि चार पावलांनी म्हणाले, “आता मानूस चालला.” प्लेयरमध्ये ०.७५ ठेवलं. ४८ मिनिटांची फाइल ६४ मिनिटांची झाली. कीटनची प्रत दुरुस्त केलेली आहे, तिला हात लावला नाही.

वेग ठरल्याशिवाय एकही चाल बांधायची नाही, हा आजचा धडा. मी आधीच दोन बांधून ठेवल्या होत्या. गेल्या.

२५ ऑगस्ट

वाद झाला. लोणी चोरण्याच्या प्रसंगाला नमनातलीच एखादी गवळण वाजवू, असं बुवांचं म्हणणं. लोकांना माहीत आहे, लोक डोलतील. माझं म्हणणं, म्हणूनच नको. ओळखीची चाल ऐकली की वाडी गायला लागते, आणि गायला लागली की पडद्याकडे कोण बघतंय? मान एकमेकांकडे वळते. शेवटी नवी चाल नमनाच्या ठेक्यावर बांधायची ठरली. ठेका त्यांचा, सूर माझे. खमाज रागाच्या अंगाने एक तुकडा सुचलाय. चांगला आहे, पण फार गोड होतोय.

बुवांनी जाताना विचारलं, पूर्वी थेटरात कोण वाजवायचं? सांगितलं की आपल्याकडेही पडद्यासमोर पेटी-तबलेवाले बसायचे. ज्यांना वाचता यायचं ते पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या मोठ्याने वाचून शेजारच्याला सांगायचे. मग १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट लागला, पडदाच गायला लागला.

“मग त्या पेटीवाल्यांचं काय झालं?”

उत्तर नव्हतं. बुवा माझ्या पेटीकडे बघत चप्पल शोधत राहिले.

२२ सप्टेंबर

गणपतीत कुणाला फुरसत नव्हती. रात्री जाखडीचा नाच, दिवसा मुंबईकरांची ऊठबस, आणि माझे स्पीकर तीन गावांत वाटलेले. आज महिन्याने पुन्हा बसलो.

ताईने एक जुनं पुस्तक शोधून काढलंय : एर्नो रॅपे याचं ‘मोशन पिक्चर मूड्स’, १९२४ चं. तिकडच्या थेटरातल्या पियानोवाल्यांसाठी केलेलं. पानाच्या कडेला प्रसंगांची यादी छापलेली : पाठलाग, अंत्ययात्रा, रेल्वे, समुद्रातलं वादळ, लग्न, आग विझवणे. पडद्यावर आग दिसली की बोट यादीवर ठेवायचं, पान उलटायचं आणि वाजवत सुटायचं. एक मथळा चक्क ‘एकसुरीपणा’ असाही आहे. हा प्रकार आमच्या धंद्यात मी रोज करतो. वरात आली की अमुक गाणं, हळदीला तमुक.

पुस्तकाची चेष्टा केली खरी, पण घरी येऊन माझी यादी पाहिली तर तीही तशीच निघाली. ‘खोडी – खमाज’, ‘राग – मृदंग जोरात’, ‘यशोदा रडते – व्हायोलिन’. फाडून टाकली. आता वहीत फक्त वेळ आणि पडद्यावर काय दिसतं एवढंच लिहितोय. उदाहरणार्थ ‘शेटजीची दाढी बायकोच्या केसांना बांधतो’. तिथे काय वाजवायचं ते दोन-चारदा बघितल्यावर हाताला सुचेल तेव्हा.

१३ ऑक्टोबर

दसरा काल झाला. भात कापायला आलंय, पुढचे तीन आठवडे बुवा मिळायचे नाहीत, म्हणून आज ताई आणि मी फक्त सुरुवातीवर बसलो.

‘कालिया मर्दन’ची सुरुवात गोष्टीने होत नाही. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, जी कृष्ण झालीय, ती आधी साधी पोर म्हणून कॅमेऱ्यासमोर येते आणि एकेक भाव करून दाखवते. वय वर्षं सात. मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. बाप जणू सांगतोय, ही माझी पोर, बघा काय काय करते. आता हिला देव म्हणून बघा.

इथे मी दीड तास वाया घालवला. हसली की एक तुकडा, रुसली की दुसरा. प्रत्येक वेळी पोरगी खोटी दिसायला लागली. संगीत जणू तिच्या कानात सांगत होतं, आता हस, आता रड. ताई वैतागून म्हणाली, “ती करतेय ना सगळं? मग आपण कशाला करतोय?”

मग असं केलं. पेटीवर नुसता काळी दोनचा षड्ज धरून ठेवला, भाता इतका हळू की सूर जेमतेम उभा राहील. त्यावर ताईचा एकच स्वर, गंधार. चेहरा बदलला की स्वर बदलायचा नाही, फक्त गजाचा दाब बदलायचा. हसू आलं की गज हलका. भुवया आवळल्या की थोडा दाब, स्वर किंचित खरखरीत. कृष्ण झाल्यावर पहिल्यांदा पंचम.

चार वेळा वाजवलं. चौथ्या वेळी मी पडद्याकडे बघतोय हे विसरलो होतो आणि हात आपोआप चालत होता. एवढ्याशा जागेला अख्खी दुपार लागली.

२७ ऑक्टोबर

‘वन वीक’. नवीन लग्न झालेल्या जोडप्याला घर भेट मिळतं, पण सुटं, खोक्यांमधून. क्रमांक बघून फळ्या जोडायच्या. बायकोने आधी नाकारलेला एक मत्सरी माणूस खोक्यांवरचे क्रमांक बदलून ठेवतो. पुढे घराचं काय होतं ते बघण्यासारखं आहे. आमच्याकडे ठेकेदार क्रमांक न बदलताही तसंच बांधतात.

बुवा दोन तास सुटी काढून आले. कीटन त्यांना फार आवडला, आणि इथेच घोटाळा झाला. तो पडला की मृदंगावर थाप, पियानो अंगावर आला की थाप, छत खाली लोंबलं की दोन्ही हातांनी. नमनात सोंग पडलं की वाजवतातच, चाळीस वर्षांची सवय. पण कीटनची गंमत अशी की काहीही झालं तरी त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. तो हसत नाही म्हणून आपण हसतो. प्रत्येक पडण्यावर थाप बसली की विनोद त्याचा राहत नाही, आमचा होतो, आणि आमचा तेवढा चांगला नाही.

हे बुवांना सांगायचं कसं? माझ्या बापाच्या वयाचे. पुतण्याने मोबाइलवर तालीम टिपली होती, तीच त्यांना दाखवली, एकदा थापांसकट आणि एकदा आवाज बंद करून. दुसऱ्या वेळी ते खो खो हसले. मग हसणं थांबवून बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाले, “मंजे मी चालवायचं, पाडायचं न्हाय.”

आता मृदंग फक्त चाल धरतो. माणूस पडला तरी ठेका चालूच. रस्ता कुठे थांबतो?

१७ नोव्हेंबर

पत्रा.

चित्रपटात त्या वाकड्या घरात पाहुणे बोलावतात, शुक्रवार आणि तेरा तारीख. पाऊस येतो, छत गळतं, वारा सुटतो आणि घर भोवऱ्यासारखं फिरायला लागतं. (खरोखरचं घर फिरत्या पायावर बांधून फिरवलं होतं.) पाहुणे दारातून एकेक करून बाहेर फेकले जातात. कीटन परत आत शिरायला बघतो, पण दार समोर येतं न येतं तोच पुढे गेलेलं असतं.

नाटकात गडगडाटासाठी लोखंडी पत्रा टांगून हलवतात, हे मला ठाऊक होतं. बुवांच्या वाडीत, फणसाच्या मुळाशी, एक पत्रा चार वर्षं पडून होता. ‘निसर्ग’ चक्रीवादळात आलेला. कुणाच्या छपराचा ते कधीच कळलं नाही. पुतण्याने तो उचलून आणला, पडवीच्या वाशाला दोरीने टांगला, आणि वादळाचा प्रसंग सुरू झाल्यावर खालची कड धरून हलवला.

आवाज हुबेहूब आला. आधी थरथर, मग पोटातून घुमत येणारं काहीतरी, आणि कड सुटली की एक लांब किंकाळी. मी खूश. ताईने गज थांबवला.

बुवांच्या घरच्या काकी चहा घेऊन येत होत्या. दाराच्या उंबऱ्यावर थांबल्या. ट्रे तिथेच पायरीवर ठेवला आणि आत गेल्या. चहा निवला, कुणी घेतला नाही.

नंतर बुवांनी सांगितलं. ३ जून २०२०, दुपारची वेळ, टाळेबंदी, मुलगा मुंबईत अडकलेला. बुवा गोठ्यात गुरं सोडायला गेले आणि पोफळी आडव्या पडायला लागल्यावर तिथेच अडकले. काकी एकट्या माजघरात, मागच्या दाराला तांदळाचा डबा आणि स्वतःची पाठ लावून बसलेल्या. वर पत्रे एकेक करून जात होते. जाताना प्रत्येक पत्रा असाच ओरडत होता, असं त्या म्हणतात. पुढे कित्येक आठवडे वाडीत वीज नव्हती. माडा-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या त्या झाल्या. माड लावला की फळ धरायला वर्षं जातात.

मला हे माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. माझंही छप्पर गेलं होतं. ‘वन वीक’ निवडला तो त्याचसाठी. मनात कुठेतरी होतं की लोकांना ते घर दाखवावं आणि त्यावर ताईने तोडीतला एक लांब आलाप वाजवावा, सगळी वाडी गलबलून जाईल. आज स्वतःचाच राग आला. लोकांच्या छपरांवर माझा आलाप कशाला?

पत्रा पुन्हा फणसाखाली.

८ डिसेंबर

‘कालिया मर्दन’चा शेवट. चेंडू पाण्यात जातो, कृष्ण उडी मारतो, पाण्याखाली नागाशी झुंज. काठावर यशोदेची अवस्था वाईट. बुवांनी इथे मृदंगावर जे काय केलं त्यावर मला बोलायला जागाच नाही.

पाण्याखालच्या भागासाठी एक कल्पना सुचली. आमची पेटी जुनी, थोडी गळकी. एकही पट्टी न दाबता भाता हलवला की नुसता श्वास ऐकू येतो, आत-बाहेर. माइक भात्याजवळ नेला. काठावरचं दृश्य आलं की मृदंग आणि व्हायोलिन, पाण्याखाली गेलं की सगळं बंद, फक्त भात्याचा श्वास. घरात फार चांगलं वाटलं. मी तर माझ्या बुद्धीवर जाम खूश आहे. नोंद करून ठेवतो.

२९ डिसेंबर

पाट्यांचा प्रश्न. कीटनच्या पाट्या इंग्रजीत. त्यांवर मराठी अक्षरं चिकटवता आली असती, पण मुलांपेक्षा म्हाताऱ्या बाया जास्त येणार, आणि चष्मा विसरून येणार. म्हणून जुन्या पद्धतीने वाचणारा हवा. नववीतली भाची तयार झाली. आवाज खणखणीत, पण पहिल्यांदा बातम्या वाचल्यासारखं वाचलं. तिला म्हटलं, आजीला सीरियल सांगतेस तसं सांग. मग जमलं.

जपानात मूकपटाची गोष्ट सांगणाऱ्यांचा वेगळा धंदाच होता, त्यांना बेन्शी म्हणत, हे तिला सांगितल्यावर ती स्वतःला बेन्शी म्हणवून घेतेय. आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? कुडाळजवळ पिंगुळीला ठाकरांची चित्रकथी मी एकदा पाहिलीय. पोथीतलं एकेक चित्र समोर धरायचं, हुडूक आणि टाळ घेऊन कथा गायची, चित्र बदललं की कथा पुढे. रीळ नाही एवढाच फरक.

१२ जानेवारी २०२५

यांत्रिक कामं. ज्याला रस नसेल त्याने ही नोंद सोडावी.

मूकपटाची चौकट चारास तीन. माझा प्रोजेक्टर लग्नाच्या व्हिडिओसाठी घेतलेला, लांबट चित्राचा, म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणार. पडदा त्या मापाचाच शिवून घेतला, १२ फूट बाय ९ फूट, मांजरपाट दुहेरी. देवळासमोर संध्याकाळी खाडीकडून वारा येतो, पडद्याचं शीड होतं. खालच्या कडेला नेफा ठेवून त्यात बांबू घातला, बांबूला काथ्याने चार चिरे बांधले.

चंद्राची काळजी होती. पण माघी गणपती म्हणजे चतुर्थी. कोर साडेनऊच्या सुमारास मावळते. खेळ तेव्हाच सुरू करायचा.

वाजवणाऱ्यांना वही दिसायला हवी, पण उजेड पडद्यावर जाता कामा नये. पुठ्ठ्याच्या नळकांड्यात छोटा दिवा, तोंडाला लाल जिलेटिन. बुवांना दिवा नको. त्यांना वहीही नको. सगळ्यांनी एका रेषेत, पडद्याच्या डाव्या अंगाला, थोडं तिरकं बसायचं. पाठ लोकांकडे झाली तरी चालेल, पण मान वळवावी लागता कामा नये. मृदंगाला माइक नाही.

२६ जानेवारी

संपूर्ण तालीम, पडवीत. ‘वन वीक’च्या शेवटावर अडलो होतो, आज सुटलं. घर चुकीच्या जागेवर बांधलंय असं कळतं, ते ओढत नेताना रुळांवर अडकतं. आगगाडी येते. दोघं डोळे मिटून घेतात आणि गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श करेपर्यंत उलट्या दिशेने दुसरी गाडी येऊन घराचा चुरा करते.

आधी आम्ही दुसऱ्या गाडीलाही जोर लावत होतो. त्यामुळे ती येणार हे मृदंगच सांगून मोकळा होत होता. आता पहिल्या गाडीला ठेका चढवत न्यायचा, ती गेली की समेवर थांबायचं, ताईने एक निवांत तान सुरू करायची, आता संध्याकाळ झाली आणि चहा ठेवला अशी. ती तान अर्ध्यावर असताना दुसरी गाडी येते. तान तिथेच तुटली पाहिजे. पूर्ण करायची नाही. ताईला समेवर न येता थांबायला फार जड जातं. तिने आज तीनदा नकळत पूर्ण केली.

वादळाच्या जागी काय, हे अजून ठरलं नव्हतं. मी म्हटलं, काहीच नको. वारा सुटला की सगळ्यांनी हात मांडीवर. बुवा म्हणाले, लोकांना वाटेल आपण चुकलो. वाटू दे.

२ फेब्रुवारी, पहाटे अडीच

झालं. झोप येत नाही म्हणून लिहितोय.

आधी फजिती. कीटनच्या फाइलला आधीपासून पियानोचं संगीत आहे, ते मी तालमीत नेहमी बंद करत होतो. काल रात्री दीड-दोनशे माणसं बसलेली, अध्यक्षांचं भाषण संपलेलं, मी बटण दाबलं आणि माझ्याच चार स्पीकरांतून तो पियानो देवळाच्या कळसापर्यंत गेला. धंद्यात पंचवीस वर्षं. पुतण्याने केबल उपटली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं सुरुवातच अशी आहे.

त्यानंतर कीटन चांगला गेला. भाचीने दुसऱ्या पाटीपासूनच लिहिलेलं सोडून स्वतःचं सांगायला सुरुवात केली. बुवांनी एकाही पडण्यावर थाप मारली नाही. एकदा हात उचललेला मी पाहिला, तो त्यांनी हवेतूनच परत आणला.

मग वारा सुटला. आम्ही थांबलो. चार-पाच सेकंद नुसता समुद्र आणि जनरेटर. मला घाम फुटला. मागून कुणीतरी म्हणालं, “आमचं बी असंच गेलंन.” दुसरा म्हणाला, “तुजं चौदा, माजं बावीस.” पत्र्यांचा हिशेब सुरू झाला. कुणाचा पत्रा कुणाच्या विहिरीत सापडला, कुणाचा शाळेच्या मैदानात. पडद्यावर घर फिरतंय, पाहुणे बाहेर फेकले जातायत, आणि वाडी हसतेय, बोलतेय, एकमेकांना हाका मारतेय. कीटन दारातून आत उडी मारायला बघत होता तेव्हा बायकांच्या बाजूने काकींचा आवाज आला, सगळ्यांच्या वर : “अरे मेल्या, आत कशाला जातोस? बाहेर ऱ्हा!”

त्या हशात आम्ही पुन्हा केव्हा सुरू झालो ते कळलं नाही. रुळांच्या प्रसंगाला ताईची तान बरोबर तुटली.

‘कालिया मर्दन’ला गर्दी शांत होती, थोडी पेंगलेलीही. चेहऱ्यांच्या सुरुवातीला पहिल्या रांगेतली एक चिमुरडी मंदाकिनीचे भाव बघून तसेच करत होती. आम्ही आमच्या षड्ज-गंधारावर, ती तिच्या कामात. शेटजीच्या दाढीला जोरदार हशा. भात्याचा श्वास मात्र फसला. जनरेटरच्या घरघरीत पहिल्या दोन रांगांपलीकडे कुणाला काही ऐकू गेलं नाही. एकाने नंतर सांगितलं, पाण्याखालच्या सीनला तुमचा माइक खराब झालेला वाटतं. शेवटी कृष्ण फण्यावर उभा राहिला, मागे कुणीतरी हात जोडले, आणि बुवांनी मला विचारल्याशिवाय नमनाचा शेवटचा ठेका लावला. ठरलेलं नव्हतं. पण आता बोलून काय उपयोग, लोक उठून उभे राहिले होते.

९ फेब्रुवारी

हिशेब. पडद्याचं कापड आणि शिलाई, डिझेल, चहा-भजी, ताईचा जाण्या-येण्याचा खर्च. मंडळाने दिलं त्यात भागलं, पंधरा रुपये उरले. वाजवणाऱ्यांचं मानधन म्हणजे नारळ.

पुढच्या वेळेसाठी : जनरेटर देवळाच्या मागे न्यायचा, लांब केबल घ्यायची. फाइलमधला आवाज आधीच काढून टाकायचा. कीटन शेवटी ठेवायचा, की देव शेवटी ठेवायचा, यावर बुवांशी बोलायचं. ते काय म्हणणार ते मला माहीत आहे.

आज सकाळी वरच्या आळीतले एक आजोबा दुकानात आले. खेळ आवडला म्हणाले. मग तक्रार : “तुमी बुवांच्या पडवीत पत्रा वाजवत होतात, आमच्या घरापरत आवाज येत होता. मी खास तेवढ्यासाठी पुढं जाऊन बसलो. का न्हाय वाजवलात?”

काय सांगणार? काही नाही सांगितलं. त्यांच्या घरावरचे सगळे पत्रे गेले होते, एकही राहिला नव्हता.

संध्याकाळी बुवांना विचारलं. त्यांनी आतल्या बाजूला तोंड करून काकींना विचारलं. काकी म्हणाल्या, वाजवा की, पण मला आधी सांगा, मी मागं जाऊन बसेन.

आंजर्ल्याच्या बाजूला शिमग्यानंतर एक बोलावणं आहे. पत्रा फणसाखालून काढून धुतलाय. टांगताना एका अंगाला कलतो, वरच्या कडेला दोन नवी भोकं पाडायला हवीत.